माझं नाव पुढे करू नकोस

गास, वसई
रविवार, २८ ऑक्टोबर १९५१

प्रिय सॅन्टन,

तुला बायचे आशीर्वाद. आम्ही दोघी बऱ्या आहोत. आयचा उजवा हात अजून उचलला जात नाही, जपमाळ डाव्या हाताने फिरवते. पाऊस गेला, रहाट पुन्हा सुरू केला. बैल आता माझं ऐकतो. राजेळी केळी सोलून उन्हात घातली आहेत. सुकेळी यंदा गोड होतील.

आज देवळात मिस्साला गेले होते. त्याचं पुढे लिहिते.

गुरुवारी मी मुंबईला आले होते. तुझ्या वसतिगृहाच्या दारात आपल्या गावचा युजीन भेटला. मला बघून त्याचा चेहरा उतरला.

"बाय, तू कशाला आलीस?"

"भावाला भेटायला. का, तिकीट लागतं?"

त्याने मला बाकावर बसवलं आणि सांगितलं. तू जूनपासून कॉलेजात नाहीस, वसतिगृहातही नाहीस. गोदीत कारकून आहेस.

"सॅन्टन सगळ्यांना म्हणतो, बहीण एकटी राबते, बघवत नाही."

"आणि खरं काय?"

आसपास कोणी नाही ना, हे त्याने बघितलं. मग म्हणाला, "गणितात नापास झाला. पुन्हा त्याच वर्गात बसायची लाज वाटली."

ऑगस्टमध्ये तू प्रयोगशाळेबद्दल लिहिलं होतंस. ते मी आयला वाचून दाखवलं. तिने पुन्हा वाचायला लावलं.

आता आजचं. गेल्या वर्षी देवळात माझं आणि प्लासिडचं नाव लग्नासाठी दोन रविवार पुकारलं, आणि आयला अर्धांगाचा झटका आला. बाबा आधीच गेलेले. मी सासरी गेले असते तर वाडीसाठी तुला परत यावं लागलं असतं. तिसऱ्या रविवारआधी मी फादरांना सांगितलं, पुकारू नका. प्लासिड म्हणाला, थांबतो. मीच म्हटलं, थांबू नकोस.

आज त्याचं नाव तिसऱ्यांदा पुकारलं. राजोडीच्या मटिल्डाबरोबर. फादरांनी विचारलं, कोणाची हरकत आहे का? बायका वळून माझ्याकडे बघत होत्या. मी प्रार्थनेच्या पुस्तकाची पानं उलटत राहिले.

बाहेर सुझानमावशीने माझा हात धरला. "भाऊ देवमाणूस ग तुझा. तुझ्यासाठी शिक्षण सोडलं." गावाला ठाऊक होतं, सॅन्टन. मलाच नव्हतं.

प्लासिडला नाही म्हटलं ते मी. ते तुझ्यावर टाकत नाही. तुझं तू माझ्यावर टाकू नकोस. नापास झालो, घाबरलो, एवढं लिहिलं असतंस तर मी रहाट सोडून तुझ्याजवळ येऊन बसले असते.

वसतिगृहाचे रेक्टर फादर मला गुरुवारी म्हणाले, कॉलेजात जूनमध्ये परत घेतील. जायचं तर तुला शिकायचं आहे म्हणून जा. माझी भरपाई म्हणून जाऊ नकोस. नसेल जायचं तर गोदीतच रहा. पण ये, आणि आयला तसं तुझ्या तोंडाने सांग. मी सांगणार नाही.

युजीन आज घरी आला आहे, पत्र त्याच्या हाती देते. तुझा आताचा पत्ता मला ठाऊक नाही.

जिच्यासाठी तू काहीही सोडलेलं नाहीस, ती
तुझी बाय,
रेजिना