लांबून वाचलेला आठ

आबा, गाडी नापास झाली होती. आता झाली पास, पण आधी नापास झाली तेच तुम्हाला सांगावंसं वाटतं.

दुचाकीला पंधरा वर्षं झाली की ती आरटीओत नेऊन दाखवावी लागते. रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का ते तिथले निरीक्षक बघतात. पास झाली तर पुढची पाच वर्षं मिळतात, नाही तर दुरुस्त करून पुन्हा न्यायची, नाही तर भंगारात द्यायची. आईचं म्हणणं होतं की कशाला एवढी उठाठेव, एखादी स्कूटी घे, साडीवरही चालवता येते. मी हो म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये सुट्टी सांगून गाडीला किक मारली. आम्ही आता जळगावात पिंप्राळ्याला राहतो. गाडी मात्र तुम्ही मला नोकरी लागली तेव्हा धुळ्याला घेतलेली, माझ्या नावावर, नंबर धुळ्याचा, म्हणून मी धुळ्यालाच नेली. पारोळ्याला चहा प्यायले. एवढ्या लांब तिला बऱ्याच दिवसांत नेलं नव्हतं. तिने काही त्रास दिला नाही.

मैदानात गाड्यांची रांग असते. बहुतेकांनी गाड्या धुऊन, पुसून, इंजिनाचं काम करून आणलेल्या असतात. निरीक्षक इंजिनाकडे फारसं बघतच नाहीत. दिवा लावायला सांगतात, वर-खाली करायला सांगतात, दोन्ही इंडिकेटर, हॉर्न, मग पुढचा ब्रेक, मागचा ब्रेक, ब्रेक दाबल्यावर मागचा लाल दिवा लागतो का, टायरला नक्षी उरली आहे का, सायलेन्सर फुटलाय का, चेसिसवरचा नंबर वाचता येतो का. माझ्या पुढे शिंदखेड्याकडचे एक भाऊ होते. त्यांनी दसऱ्यासाठी गाडीला घरीच रंग दिला होता आणि त्यात चेसिसचा नंबरही रंगवून टाकला होता. आरसा तर एकही नव्हता. निरीक्षकांनी विचारलं तर म्हणाले, लावला होता साहेब, पण बायको मागे बसून केस नीट करायची आणि मला कडेला वाकून बसायला लावायची. निरीक्षक न हसता म्हणाले, मग तिला घरी एक आरसा घेऊन द्या आणि हा गाडीला लावा. रांगेतले सगळे हसले. भाऊही हसले. गाडी नापास झाली.

मग माझा नंबर आला. निरीक्षकांनी आधी विचारलं, गाडी कोण चालवतं, ताई. मीच, म्हटलं. त्यांनी मागचं चाक फिरवून टायरच्या मध्यावर अंगठा ठेवला, तिथे काहीच उरलं नव्हतं. हाताचा ब्रेक दाबल्यावर लाल दिवा लागला, पायाचा दाबल्यावर लागला नाही. डावा आरसा नव्हता. एवढं त्यांनी लिहून घेतलं. मग ते मागे गेले, दोन पावलं आणखी मागे गेले, आणि थांबले.

"हा आठ आहे की तीन?"

"आठ."

"मला तीन दिसतो."

"लांबून तीनच दिसतो," मी म्हटलं.

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना वाटलं असेल की मी वाद घालेन.

आबा, दोंडाईच्याला स्टेशनच्या रस्त्यावर तुमचं पत्र्याचं दुकान होतं तेव्हा तुमची एक पद्धत होती. नंबर प्लेट रंगवून झाली की गिऱ्हाईक पैसे काढायला लागायचं आणि तुम्ही पैसे घ्यायचा नाहीत. त्याला रस्त्यापलीकडे विजेच्या खांबापाशी पाठवायचात आणि तिथून नंबर मोठ्याने वाचायला सांगायचात. लोक कंटाळायचे. कुणी म्हणायचं, पेंटर, माझाच नंबर आहे, मला पाठ आहे. तेव्हा तुम्ही त्याच्या जागी रस्त्याने जाणाऱ्या कुणालाही थांबवून वाचायला लावायचात. एकदा मी तुमचा डबा घेऊन आले होते, प्लेट जवळून बघितली आणि छान झाली म्हणाले. तुम्ही माझ्यावर चिडलात. मला वाटलं होतं तुम्हाला बरं वाटेल. तुम्ही म्हणालात, "जवळथून बठ्ठं चांगलंच दिसस." जवळून सगळंच छान दिसतं, म्हणून डबा तसाच बाजूला ठेवून मला खांबापाशी पाठवलंत. तिथून मी वाचलं, तुम्ही मान हलवलीत, मग जेवायला बसलात. कुणी चांगलं म्हटलेलं तुम्हाला नको असायचं. कुणीतरी लांबून नीट वाचलं की तुमचं काम संपायचं.

मी लॅबमध्ये दिवसभर लोकांना रिपोर्ट देते. पाकीट हातात देते आणि पुढच्याला बोलावते. पाकीट उघडणाऱ्याच्या तोंडाकडे मी बघत नाही. हे मी कुठे शिकले माहीत नाही.

शेवटच्या वर्षी साखरेने तुमचे डोळे गेले. पूर्ण नाही, पण कामापुरते गेले. तुम्ही कबूल करत नव्हता. स्वयंपाकघरातल्या फळीवर निळे डबे आहेत, त्यांच्यावर तुम्हीच पांढऱ्या रंगात नावं घातलेली. संध्याकाळी तुम्ही दाराशी पाटावर बसायचात आणि ती नावं वाचायचात, आई भाकरी टाकत असायची. चहा, साखर, रवा, मीठ. रोज तेच. एकदा आईने फळी पुसताना डबे खाली काढले होते आणि वर ठेवताना मीठ आधी गेलं, रवा शेवटी. तुम्ही वाचलंत, चहा, साखर, रवा, मीठ. आईने तव्यावरून माझ्याकडे बघितलं. मी ताटाकडे बघत राहिले. तुम्ही म्हणालात, बघा, बराबर शे. आईने भाकरी उलटली. दुसऱ्या दिवशी तिने डबे पहिल्यासारखे लावून ठेवले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत माझी गाडी ओट्यावर पडली आणि मागची प्लेट चेपली. तोपर्यंत रंगवून घेणारे राहिलेच नव्हते, सगळे रेडियमवाल्याकडे जायचे, तो मशीनने अक्षरं कापून चिकटवून द्यायचा. मीही त्याच्याकडेच निघाले होते. तुम्हाला आवाजावरून कळलं की मी प्लेट खोलते आहे. "मनी पोरनी गाडीले रेडियम?" एवढंच म्हणालात. मग दुपारभर तुम्ही नाक प्लेटला टेकेल इतके वाकून बसलात. इंग्रजी आठ तुम्ही नेहमी दोन फटकाऱ्यांत काढायचात, आधी उजवीकडून तीनासारखं उतरायचं आणि मग डाव्या बाजूने वर येऊन वळण बंद करायचं. त्या दिवशी दुसरा फटकारा वरपर्यंत पोचलाच नाही. मी बघत होते. तुम्ही ब्रश ठेवलात आणि म्हणालात, "दूर जाय, माय, आन वाच."

मी घरासमोरचा रस्ता ओलांडून तिथल्या खांबापाशी गेले. तिथून तो तीन दिसत होता. मी पूर्ण नंबर वाचला आणि आठच्या जागी आठ म्हटलं.

"आठ दिसस ना?" तुम्ही विचारलंत.

"आठच दिसतो, आबा."

तुम्ही ब्रश रॉकेलमध्ये धुतलात, नेहमीपेक्षा जास्त वेळ धुतलात. ती तुमची शेवटची प्लेट. खोटं वाचल्याचं मला वाईट वाटत नाही. तुम्ही पुन्हा पाठवलं असतं तरी मी आठच वाचला असता. आणि मला कधीकधी वाटतं की डबे सरकल्याचं तुम्हालाही कळलं होतं. पण तुम्ही काही बोलला नाहीत, तेव्हा तेही तसंच राहिलं.

निरीक्षकांनी विचारलं, हा नंबर कुणी लिहिला. वडिलांनी, म्हटलं, पेंटर होते. त्यांनी पुन्हा एकदा प्लेट बघितली आणि म्हणाले की हात चांगला होता, बाकी अक्षरं बघा कशी सरळ आहेत. पण आता हाताने लिहिलेली प्लेट कुणाचीच चालत नाही, आठ नीट असता तरी चालली नसती. सगळ्यांना ती नवी सरकारी प्लेट बसवावी लागते, दाबून उठवलेल्या आकड्यांची. टायर, मागचा दिवा, आरसा आणि प्लेट करून पुन्हा या. मी बरं म्हटलं. येताना सावकाश आले, टायर तसा होता म्हणून.

जळगावात टायर बदलला. पायाच्या ब्रेकचा स्विच बदलला, आरसा लावला. या गोष्टींना फार वेळ लागला नाही. प्लेटसाठी आधी नंबर लावावा लागतो, मग ते बोलावतील त्या दिवशी जायचं. तिथल्या माणसाने जुन्या प्लेटचे बोल्ट काढले. गंजले होते, त्याने हातोडीने दोन ठोके दिले. मी विचारलं, जुनी मला मिळेल का. तो म्हणाला, नाही ताई, इथेच जमा करावी लागते, कुणी पुन्हा लावू नये म्हणून. मग त्याने ती गुडघ्यावर ठेवून मधोमध वाकवली. पत्रा सहज वाकला. रंगाला बरोबर घडीवर तडा गेला. बाकीच्या प्लेटच्या ढिगावर त्याने ती टाकली आणि नवी बसवायला घेतली. मला काही झालं नाही. तुम्ही गेलात तेव्हाही मी रडले नाही, असं आई अजून पाहुण्यांना सांगते. ती तक्रार करत नाही, नुसतं सांगते. मी तेव्हा स्वयंपाकघरात चहा टाकत असते आणि ऐकते.

पुन्हा धुळ्याला गेले. तेच निरीक्षक होते, त्यांना मी आठवले नाही. दिवा, हॉर्न, दोन्ही ब्रेक, टायर, आरसे. प्लेटकडे त्यांनी एकदाच बघितलं, तीत बघण्यासारखं काही नसतंच, सगळ्यांच्या सारख्या असतात. पास म्हणाले. मी गाडी फाटकाबाहेर आणून स्टँडला लावली. घरी फोन करून आईला सांगितलं, ती म्हणाली बरं झालं, जेवलीस का.

मग मी रस्ता ओलांडला. पलीकडे चहाची गाडी होती, तिच्या शेजारी उभी राहिले आणि नंबर मोठ्याने वाचला. चहावाल्याला वाटलं मी काहीतरी मागते आहे. तुमची पद्धत आहे म्हणून वाचला, दुसरं काही कारण नव्हतं.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही, तुम्हाला माहीतच आहे. म्हणून एवढं लिहिते. नंबर मी बरोबर वाचला, आठसकट. पण त्या वेळी मला प्लेट दिसत नव्हती, डोळे नंतर पुसले. पाठ होता तोच म्हटला.