शिलाई मशिनचा ठेका

आई,

पाया पडतो. खोली इतकी लहान की वाकताना डोकं टेबलावर आपटलं, पण ऊब चांगली आहे. जेवतोही वेळेवर, काळजी करू नकोस.

माझी पहिली रेकॉर्ड निघाली. सगळं संगीत यंत्रांवरचं, लोकांनी नाचावं म्हणून केलेलं. पहिल्याच गाण्याचा ठेका तुझ्या शिलाई मशिनचा आहे. मागच्या खेपेला घरी आलो तेव्हा दाराआडून टेप केला, तुला न विचारता. रागावू नकोस.

परवा इथल्या एका नाचाच्या हॉलमध्ये ते लावलं, तर पोरं घामाघूम होईस्तोवर नाचली. मध्येच ठेका थांबतो, तेव्हा सगळे हात वर करून जागच्या जागी थांबतात. लोकांना तीच जागा फार आवडते. म्हणतात, काय डोकं चालवलंस!

डोकं कसलं! तिथे तुझा दोरा तुटला होता. ‘बहिऱ्या, जरा सुई ओवून दे रे,’ म्हणून तू दोनदा हाक मारलीस. टेप बिघडेल म्हणून मी गप्प उभा राहिलो. शेवटी तूच चाचपडत ओवलीस. तुझी हाक तेवढी मी नंतर कापून टाकली.

बाबांचा गुडघा कसा आहे? आणि हल्ली सुई कोण ओवून देतं गं?

तुझा,
बहिऱ्या