वरच्या डोहातले लाल

ओढ्याचा बांध, कोडियाक बेट
सोमवार, १८ ऑगस्ट १९८६

ती. झाखरमामांना फेडोस्याचा सा. न. वि. वि.

माझ्या तेरा तारखेच्या पत्रातला एक आकडा चुकला आहे. ओढ्यात सहाशे चौदा रुपेरी जातीचे सॅमन मासे चढले, असं मी लिहिलं होतं. खरे चारशे सत्त्याहत्तरच. उरलेले एकशे सदतीस रुपेरी नव्हतेच.

मी मासे मोजते त्या बांधाची जाळी अस्वलानं मोडली, त्या दोन दिवसांत न मोजता निसटलेले मासे तुम्ही वरच्या डोहावर जाऊन मोजलेत आणि रेडिओवर सांगितलंत, एकशे सदतीस लाल. आपल्या घरात तर अंडी घालायच्या आधी रंग चढलेला कुठल्याही जातीचा मासा लालच. शिवाय लाल जातीच्या सॅमनचा मोसम जुलैत सरतो. मला वाटलं, मामा घरच्या बोलीत सांगताहेत. मी ते रुपेरीच्या रकान्यात लिहिले.

काल सुट्टी होती. तुम्ही गळासाठी बांधलेली पिसांची जांभळी माशी घेऊन डोहावर गेले. चाळीस वेळा गळ फेकला. रुपेरी मासा पिसांच्या माशीवर चिडून तरी तोंड टाकतो. यांतला एकही वळला नाही. मग काठावर पालथी पडून नीट पाहिलं. अंग लाल, डोकं हिरवं. सगळे लाल जातीचे, मोसम सरल्यावर डोहात उरलेले.

पंचवीस तारखेपर्यंत सहाशे रुपेरी चढले नाहीत, तर मासेमारी खातं या ओढ्यावर गळ टाकायला बंदी करणार. माझ्या चुकीच्या आकड्यावर ओढा उघडा आहे, आणि सत्तावीसला तुमच्या छावणीवर पैसे देऊन गळ टाकायला चार पाहुणे येताहेत. तुमचा मोसमातला तेवढाच एक भरलेला आठवडा. मला जेवण जात नाही. रेडिओवर बोलले तर अख्खी खाडी ऐकेल, म्हणून डाकेच्या होडीबरोबर हे पाठवते.

काय करू, ते कळवा. मामींना नमस्कार. ओढा आटत चाललाय. तुमची माया तेवढी वाहती राहू द्या.

आपली,
फेडोस्या


खाडीवरची छावणी
गुरुवार, २१ ऑगस्ट

चि. फेडोस्या हिस झाखरमामाचे अ. उ. आ.

कारकूनबाई, चाळीस वेळा फेकलास म्हणजे मनगट अजून ढिलंच आहे तुझं. मात्रोनामामी म्हणते, पोरीला आधी माशाचं सारण भरून भाजलेला पिरोक पाठवा, मग उपदेश. सोबत पाठवलाय. खा.

आता ऐक. सगळा उन्हाळा तू माझे कान खाल्लेस, की मामा, खात्याच्या भाषेत बोला, लाल म्हणजे एकच जात. जन्मात पहिल्यांदा मी तुझ्या पुस्तकातलं लाल म्हणालो, आणि तू नेमकं घरचं ऐकलंस! हसलोच असतो. पण तुझं तेरा तारखेचं पत्र वाचलं तेव्हाच मला कळलं होतं, सहाशे चौदा कुठून आले ते. कळलं आणि गप्प बसलो. तुझ्यापासून ते लपवत नाही.

रुपेरी मासे खाडीच्या तोंडाशी उड्या मारताहेत, रोज पाहतो. तीन आठवडे पावसाचा थेंब नाही, म्हणून अडलेत. एक सर येऊ दे, हजार चढतील, आणि तुझा आकडा आपोआप खरा होईल. माझे पाहुणे मात्र एकदा परतले की पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या ओढ्यावर जातील. मग मी छावणी गुंडाळून डबाबंद मासळीच्या कारखान्यात मासे कापत बसेन. पाहुणे जाईपर्यंत, तीन सप्टेंबरपर्यंत थांब. मामा म्हणून एवढंच मागतो.

मामीनं हे वाचून विचारलं, की पोरीला शिकायला पाठवलं ते याच्यासाठी का.

रागावलीस तरी जेवत जा, आणि पत्र धाडत जा.

तुझा मामा,
झाखर


ओढ्याचा बांध
शनिवार, २३ ऑगस्ट

ती. मामांना फेडोस्याचा सा. न. वि. वि.

पिरोक एका बैठकीत संपवला, मामींना सांगा.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. तुम्ही लपवलं नाहीत याचं बरं वाटलं, आणि त्यानंच जास्त अवघड झालं. पाऊस येईल, असं मलाही वाटतं. पण खाडीत थांबलेले मासे मला तक्त्यात मांडता येत नाहीत. तीन दिवसांत बांधातून अकरा रुपेरी गेले. फक्त अकरा. पाऊस लांबला तर अंडी घालायला एवढेच मासे असणार, आणि तुमचे पाहुणे नेमके त्यांनाच उचलतील. मग तीन-चार वर्षांनी परतून यायला पिलं तरी कुठली? तेव्हा छावणी कोणासाठी टाकाल?

गावात म्हणतील, शिकली आणि पहिलं मामालाच बुडवलं. म्हणू देत. मी खात्याला सांगणार ते असं, की मामांनी बरोबर सांगितलं होतं, मी चुकीचं लिहिलं. पण तुम्हाला केव्हा कळलं, असं त्यांनी विचारलंच, तर माझ्याच्यानं खोटं बोलवणार नाही. ते तुम्हीच आधी सांगितलंत तर बरं. मला ते बोलायला लावू नका, मामा.

पाहुणे मंगळवारी निघतील, म्हणजे त्याआधी त्यांना निरोप पोचायला हवा. पत्र आजच्याच होडीनं पाठवते आहे.

हवं तर फाडून टाका. पण मला भाची म्हणायचं सोडू नका.

आपली,
फेडोस्या

ता. क. उद्या खात्याचं ऑफिस बंद. मी रेडिओवर सांगणार ते सोमवारी, पंचवीस ऑगस्टला, सकाळी आठ वाजता, रोजचा आकडा द्यायच्या आधी.