गुडघ्यावर ठेवलेला बर्फ

अण्णा,

आज रविवार, एप्रिलचा दुसरा आठवडा. सकाळी पाऊस होता, अकरानंतर थांबला. कपडे धुतले, आठवड्याची भाजी आणली, वरणभात केला. जेवून लेक मैत्रिणीकडे अभ्यासाला गेली. हे कामासाठी केंब्रिजला असतात, ते या शनिवारी आले नाहीत. आता संध्याकाळचे सहा वाजलेत, बाहेर अजून चांगला उजेड आहे, आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी एक फॉर्म समोर घेऊन बसले आहे. तो उद्या द्यायचा आहे. दुपारपासून तीनदा वाचला. मध्ये दोनदा उठून गॅस बंद आहे का ते पाहून आले. तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली. तुम्हाला पत्र लिहायची सवय मला कधीच नव्हती. इथे आल्यावर आपण फोनवर पाऊसपाण्याचं बोलायचो आणि मग तुम्ही "घे, आईशी बोल" म्हणायचात. पण या फॉर्मबद्दल दुसऱ्या कुणाला सांगावं असं आज सुचत नाही.

मी लेस्टरच्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे हे तुम्हाला माहीत होतं. गेली सहा वर्षं मी शनिवारी मुलींच्या एका हॉकी संघाबरोबरही जाते. मुरगळलेला घोटा बांधायचा, मुका मार बघायचा, कुणी पडली की बॅग घेऊन मैदानात धावायचं, एवढंच काम. पैसे मिळत नाहीत. क्रेप बँडेज टाचेखालून कसं वळवून आणायचं ते मी कॉलेजात शिकण्याआधी तुमच्याकडून शिकले होते, शाळेच्या मैदानावर, खो-खोच्या खांबाला टेकून. अजूनही प्रत्येक वेढ्याला तुमचं "ओढू नकोस, बसव" आठवतं.

संघात एक मुलगी आहे, वीस वर्षांची. तिचे आजी-आजोबा जमैकाहून इथे आले, ती याच गावात जन्मली आणि वाढली. फेब्रुवारीत आम्ही दुसऱ्या गावी खेळायला गेलो होतो. तिच्याकडे चेंडू गेला की प्रेक्षकांतले तीन-चार जण माकडासारखे आवाज काढायचे. मी रेषेजवळ बसले होते, मला नीट ऐकू येत होतं. तिने तक्रार केली. महिन्याने उत्तर आलं की असं काही कुणी ऐकल्याचं आढळलं नाही. मला कुणी विचारलं नव्हतं. आणि मीही आपणहून जाऊन सांगितलं नाही. दर आठवड्याला वाटायचं, आता उशीर झाला, आता सांगितलं तर म्हणतील इतके दिवस काय करत होतीस.

काल हॉलंडहून एक संघ आला होता, म्हणून सुरुवातीला दोन्ही देशांची राष्ट्रगीतं होती. गुरुवारीच तिने मॅनेजरला सांगून ठेवलं होतं की आपलं गीत लागेल तेव्हा मी निषेध म्हणून एक गुडघा टेकणार. लपूनछपून काही नव्हतं. मॅनेजर चांगली बाई आहे, स्वतः खेळलेली. काल मैदानाकडे जाताना बसमध्ये ती माझ्याशेजारी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "ती खाली गेली की गीत संपताक्षणी तू बॅग घेऊन धाव. गुडघा म्हण."

मी म्हटलं, "पण तिच्या गुडघ्याला काही झालेलं नाही."

"ते मला माहीत आहे, लव्ह. सोमवारी कमिटी उन्हाळ्याचा संघ ठरवणार. त्यातल्या दोघांना तिला काढायला नुसतं निमित्त हवंय. दुखऱ्या गुडघ्यावर कुणी चर्चा करत नाही."

मी मान हलवली. अण्णा, मला ते पटलं. ते चुकीचं आहे असं तेव्हा मनातही आलं नाही, हेच मला आज दिवसभर टोचतं आहे.

राष्ट्रगीत कुणाचंही असो, मी अजून तुमच्या सावधानमध्येच उभी राहते. टाचा जुळलेल्या, मुठी मांडीच्या शिवणीला. बाकीचे इथे जरा सैल उभे असतात, कुणी हात मागे बांधतं, कुणी छातीवर ठेवतं. रांगेत ती टोकाची होती. गीत सुरू झालं आणि ती शांतपणे खाली गेली, स्टिक बाजूला गवतावर ठेवली, मान खाली. मागून एक माणूस ओरडला, "उठ!" दुसरा कुणी म्हणाला, "लाज वाटत नाही?" एक म्हातारी बाई टाळ्या वाजवायला लागली आणि आपण एकट्याच वाजवतोय हे कळल्यावर थांबली. मी हलले नाही. गीत संपलं तशी धावले.

तिच्यासमोर बसले, बर्फाची पिशवी काढली आणि तिच्या गुडघ्यावर दाबून धरली. ती माझ्याकडे बघत राहिली. "काय करताय तुम्ही?" तिने विचारलं. "माझा गुडघा ठीक आहे." मी म्हटलं, "दोन मिनिटं. बस. नुसती बस." लोकांचा आवाज उतरला. हे मला ऐकू आलं आणि बरं वाटलं. कुणी तरी म्हणालं, "अच्छा, लागलंय वाटतं पोरीला." एका बाकावरून तर सहानुभूतीच्या टाळ्या पडल्या. ती उठली, खेळली, एक गोलही केला. सामना संपल्यावर कपडे बदलायच्या खोलीत मी बॅग आवरत होते तेव्हा ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाली, "मला तीन आठवडे झोप नव्हती या एका मिनिटासाठी. आणि तुम्ही त्याच्यावर बर्फ ठेवलात."

तोवर मी दुखापतीचा फॉर्मही भरला होता. उजवा गुडघा, दुखणं, उभं राहता न आल्याने खाली बसली, बर्फ लावला. खाली माझी सही.

काल संध्याकाळपासून पालकांच्या ग्रुपवर भांडण चाललंय. एक जण लिहितो, मैदानावर राजकारण नको, ज्या देशाने सगळं दिलं त्याच्या गीताला एवढा तरी मान द्या. दुसरी लिहिते, मैदानावर माकडाचे आवाज चालतात, गुडघा चालत नाही, छान. तिसरा लिहितो, अहो, तिचा गुडघा दुखत होता, फिजिओलाच विचारा. मी फोन पुन्हा पुन्हा उघडून वाचते. लेकीने माझ्या खांद्यावरून ते वाचलं आणि म्हणाली, "आई, तिचा नी ओके होता ना? मग तू बर्फ का लावली?" मी म्हटलं, काळजी म्हणून. ती म्हणाली, "कोणाची काळजी?" आणि टोस्ट घेऊन वर गेली. पंधरा वर्षांची आहे.

आज सकाळी इथल्या मराठी मंडळातल्या एका मैत्रिणीचा फोन आला. गुढीपाडव्याच्या कार्यक्रमाच्या खुर्च्यांचं बोलून झालं आणि मग म्हणाली, "काय गं, तुमच्या हॉकीत गोंधळ झाला म्हणे. मला नाही बाई पटत. जन गण मन चालू असताना आपलं एखादं पोर असं बसलं असतं, तर आपल्या सरांनी काय केलं असतं सांग?"

खुर्च्यांचा आकडा पुन्हा सांगून मी फोन ठेवला. आमच्या सरांनी काय केलं होतं ते मला माहीत आहे, हे तिला माहीत नव्हतं.

मी तेरा वर्षांची आहे, तुम्ही खेळ शिकवता त्याच शाळेत. आपला मुलींचा खो-खोचा संघ जिल्ह्यात पहिला आला आहे आणि सव्वीस जानेवारीला सत्कार आहे. आदल्या आठवड्यात संस्थेच्या अध्यक्षांनी सगळ्या संघाला घरी चहाला बोलावलं होतं. आम्हा सगळ्यांना कपबशा, आणि आमच्या कॅप्टनला, ओढ्यापलीकडच्या वस्तीतली म्हणून, अंगणातल्या कट्ट्यावर वेगळा ठेवलेला पेला. प्यायल्यावर तिचा तिने विसळून उपडा घालायचा. तुम्ही पण तिथे होतात. तुम्ही तुमच्या कपाकडे बघत होतात. तिने पेला विसळला, ठेवला, आणि परत येताना आमच्या पुढे एकटीच चालली.

पंचवीस तारखेच्या संध्याकाळी तुम्ही स्वयंपाकघरात खाली बसून कॅनव्हासच्या बुटांना खडूचं पाणी लावत होतात. आई भाकऱ्या थापत होती. मी दारात उभी राहून तुम्हाला सांगितलं की कॅप्टन उद्या राष्ट्रगीताला उभी राहणार नाही. तुमचा हात थांबला. "कुणी सांगितलं?" तिनेच, मी म्हटलं. तुम्ही बूट बाजूला ठेवलात. मग म्हणालात, "हे आणखी कुणाला बोलू नकोस. अध्यक्षांसमोर असं केलं तर दाखला हातात देतील पोरीच्या." तुमची स्वतःची नोकरी तेव्हा कायम झाली नव्हती, हे मला पुष्कळ नंतर कळलं. तुम्ही उठलात, फळीवरचा ग्लुकोजचा डबा काढला, वहीच्या कागदात एक पुडी बांधली आणि दाराच्या खुंटीवरच्या पांढऱ्या पँटच्या खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी झेंडा वर गेला आणि गीत सुरू झालं, तशी ती खाली बसली. खो-खोच्या रांगेत बसतो तशी, उकिडवी, बोटं मातीला टेकलेली, नजर समोर. अध्यक्षांची मान वळली. बावन्न सेकंद तुम्ही हलला नाहीत. मग धावत गेलात, मोठ्याने म्हणालात, "चक्कर आली तिला. उपाशीपोटी आली असणार." पाण्याचा तांब्या मागवलात, पुडी सोडलीत. ती म्हणाली, "सर, मला चक्कर नाही आली." तुम्ही म्हणालात, "पी. बोलू नकोस." तिने तुमच्याकडे बघितलं आणि प्यायली. अध्यक्ष हसून म्हणाले, "अरे, पोरींना खायला घालून आणत जा." सगळं मैदान हसलं. ती दुसऱ्या दिवसापासून सरावाला आली नाही, आणि उन्हाळ्यानंतर शाळेतही नाही. घरी तुम्ही आईला म्हणालात, "पोरीचं नाव तरी शाबूत राहिलं." मला तुमचा इतका अभिमान वाटला होता की मी ही गोष्ट इथे माझ्या सहकाऱ्यांनाही सांगितली आहे, माझे वडील किती माणुसकीचे होते म्हणून. ते तुम्ही होतातच. तो पेला पाहून तुम्हाला वाईट वाटलं नाही असं मला म्हणायचं नाही. पण काल त्या खोलीत हॉकीतल्या मुलीने माझ्याकडे जसं बघितलं, ते मी आधी कुठे पाहिलं होतं हे घरी येईस्तोवर मला आठवत नव्हतं. तांब्याच्या वरून बघणारे तेच डोळे.

आमच्या कामात एक नियम आहे. रुग्णाच्या कागदावर काही चुकीचं लिहिलं गेलं तर ते खोडून काळं करायचं नाही, पांढरं द्रावण लावायचं नाही, कागद फाडायचा नाही. एक सरळ रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी. शेजारी खरं लिहायचं, सही, तारीख. आधी काय लिहिलं होतं ते पुढच्याला दिसलं पाहिजे. मी हे नवीन मुलींना दर वर्षी शिकवते. आज दुपारपासून मला त्या एका रेघेची भीती वाटते आहे. मॅनेजर म्हणेल, तू मला तोंडघशी पाडलंस. कमिटी म्हणेल, हिने एकदा खोटं लिहिलं, आता हिचं काय धरायचं. हॉस्पिटलला कळलं तर तिथेही विचारतील. आणि सगळ्यात मोठी धास्ती म्हणजे माझ्या रेघेमुळे त्या मुलीची जागा जाईल. मग मी तिला दोनदा बुडवली असं होईल.

साडेचारला मी तिलाच मेसेज केला. चार वेळा लिहून पुसला. शेवटी एवढंच पाठवलं की फॉर्म अजून माझ्याकडे आहे, मी बदलू शकते, पण त्याने तुझं नुकसान होऊ शकतं, काय लिहू? अर्धा तास उत्तर नव्हतं. मग आलं: "जे झालं ते." त्याच्यापाठोपाठ आणखी एक: "आणि फेब्रुवारीचं पण, तुम्ही ऐकलं असेल तर."

तिला माहीत होतं. मी रेषेजवळ बसले होते हे तिने तेव्हाच पाहिलं असणार. तिने एकदाही विचारलं नाही.

मघाशी रेघ मारली. शेजारी लिहिलं: गुडघ्याला दुखापत नाही. खेळाडू राष्ट्रगीताच्या वेळी निषेध म्हणून स्वतःहून गुडघ्यावर बसली. बर्फ मी गरज नसताना लावला. सही, तारीख. फेब्रुवारीचं वेगळ्या कागदावर लिहिलं, दोन पानं झाली. उद्या काय होईल ते मला माहीत नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही म्हणून एक सांगते, जे तुम्हाला कधी सांगितलं नाही. पंचवीस तारखेला दुपारी शाळेच्या नळावर कॅप्टनने मला विचारलं होतं, "मी उद्या बसणार आहे. तू बसशील माझ्याजवळ?" आणि मी हो म्हटलं होतं. ती इतकी खूश झाली की तिने माझी बाटली भरून दिली. संध्याकाळी तुम्हाला मी ते तिच्या काळजीने सांगितलं नव्हतं, अण्णा. मला बसावं लागू नये म्हणून सांगितलं होतं.

फॉर्म ठेवायला बॅग उघडली तर कालची बर्फाची पिशवी आतच राहिली होती, आत नुसतं कोमट पाणी. झाकण उघडून सिंकमध्ये ओतलं, पिशवी आतून धुतली आणि नळावर उलटी वाळत घातली.