भिंतीवरची ती मी आहे

माय, तुझ्या घरात बुद्धाच्या तसबिरीखाली हार घालून ज्या बाईचा फोटो लावला आहे, ती तू नाहीस. ती मी आहे. इतकी वर्षं हे कुणाला ओरडून सांगता आलं नाही, म्हणून आता तुझ्यावरच चिडते.

तुला फोटोचा केवढा वैताग! बीबी गावच्या बाजारात भावानं फोटोवाल्यासमोर ओढत नेलं, तर तू पदर तोंडावर घेतलास. "माहा कायले? तुह्या बहिणीचे काढून राह्यले ना लोकं, तेवढे पुरे." काढत होते खरे. तिशीही गाठली नव्हती तेव्हापासून मी सिनेमा-मालिकांत आईची कामं करतेय. हिंदीत मां, मराठीत आई, काम तेच. दारात उभं राहायचं, ताट वाढायचं, खोकायचं आणि नायकाला राग यावा म्हणून मरायचं. शेजारच्या टीव्हीवर मला पाहून तू पीसीओवरून फोन केला होतास. "काऊन वं, तो हिरो तर तुह्याहून मोठा दिसते. त्याची माय तू कशी झाली? त्याईले सांग, मले एखांद्या टायमाले हासू द्या म्हणा." मी कुणाला सांगितलं नाही. सांगून काही झालंही नसतं. मी गोरेगावला दुसऱ्याच्या पोराला थंडगार घास भरवत असायचे, तेव्हा माझी पोरगी बापाच्या हातचं खाऊन झोपलेली असायची. टीव्हीतली मी रडायला लागले की ती उठून टीव्ही बंद करायची.

तू गेलीस तेव्हा शूटिंग सोडून निघेपर्यंत उशीर झाला, मातीला पोचलेच नाही. पुण्यानुमोदनाला आले. दारात मांडव, खुर्चीवर फोटो, पुढे मेणबत्त्या. फोटोत मी! केस पांढरे रंगवलेले, कपाळ मोकळं, अंगावर चौकटीचं लुगडं. भावाकडे तुझा एकच फोटो, रेशनकार्डावरचा, पार पुसटलेला. लोणारचा स्टुडिओवाला म्हणाला, यातून चेहरा निघत नाही. मग भावानं मोबाइलमधला माझ्या मालिकेतला फोटो त्याला दिला. मी भावाला घरामागं नेलं. म्हटलं, "अरे, ही मी आहे."

"हाव, मले मालूम हाय," तो म्हणाला. रडून रडून त्याचे डोळे सुजले होते. "पण लोकं कायच्यासमोर बसतीन? रिकाम्या खुर्चीसमोर?"

तेवढ्यात मांडवातून रडणं ऐकू आलं. उंद्रीची मावशी, तुझी सख्खी बहीण, त्या फोटोसमोर बसली होती. "किती उतरली व्हती वं माही बहीण!" आता हिला काय सांगणार, कपाळ? मी गुपचूप पुढं झाले आणि स्वतःच्याच फोटोपुढं मेणबत्ती लावली.

तोच फोटो मग भिंतीवर चढला. लवकरच उतरवतो म्हणाला होता भाऊ. कुठलं काय! आता मी खरीच म्हातारी झाले, केस रंगवावे लागत नाहीत, तर आईच्या कामाला चाळिशीतल्या बाया घेतात आणि त्यांचे केस पांढरे करतात. गावात आले की बाया म्हणतात, "मायवर गेल्या तुम्ही, थेट त्या फोटोवानी." मी माझ्यावरच गेलेय, बायांनो! भावाची नात तर फोटोतल्या मला पणजी म्हणून रोज हात जोडते. संताप होतो नुसता. तुझी जागा मला नको होती. पडद्यावरही नको होती आणि घरात तर नाहीच.

परवा तुझ्या स्मृतिदिनाला फोटो उतरवायचाच म्हणून गेले. स्टुलावर चढले. भाऊ खालून स्टूल धरून. "काढतं तर काढ," तो म्हणाला, "पण मंग तिथं काय लावू?" मी धूळ पुसली आणि फोटो पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिला. तो प्रसंग आठवला. उशिरा घरी आलेल्या पोराकडे बघायचं होतं. दिग्दर्शक म्हणत होता, डोळ्यांत पाणी आणा. मी आणलं नाही. पहिल्या नाटकानंतर मी गालावरचा रंग न पुसता एसटीनं घरी आले, तेव्हा तू ओठ आवळून जसं बघितलंस आणि म्हणालीस, "आंधी तोंड धु, मंग जेव," तसं बघितलं. वाटलं, निदान नजर तरी तुझी असेल. ताडून पाहावं म्हणून तिथंच डोळे मिटले, तुला आठवायला गेले. समोर आली ती पांढरे केस रंगवलेली मीच. मग नवा हार घातला आणि उतरले.

हे पत्र त्या फ्रेमच्या मागं खोचायचं म्हणून लिहायला घेतलं होतं. पण त्यासाठी फ्रेम उतरवावी लागेल, आणि ते आता माझ्यानं होणार नाही. ती मी आहे, हे भाऊ आणि मी सोडून कुणाला माहीत नाही. आणि तू कशी दिसायचीस माय, ते मलाही आठवत नाही.