ओल्या प्लास्टरवरचा ठसा

यवतमाळ, शनिवार संध्याकाळ

आज भांडलो नाही. हे आधी लिहून ठेवतो, उद्या मलाच खरं वाटणार नाही.

स्टेडियमला लागून आमची बिल्डिंग उभी राहून राह्यली, खाली दुकानं, वर फ्लॅट. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत, मी ज्यांच्या हाताखाली आहे त्या शंकरकाका मिस्त्रींनी प्लास्टर संपवलं आणि ग्राउंडवरून सॉफ्टबॉल येऊन भिंतीत रुतला. बॉलच्या शिवणीच्या टाक्यांसकट ठसा उमटला. बॉल न्यायला वैशाली स्वतः वर आली. कॉलेजात माझ्या वर्गात होती. मी अर्ध्यातून सोडलं तेव्हा तिच्याशी एक शब्द बोललो नव्हतो.

साइटवरचा इंजिनिअर तिच्यावर ओरडला. माझं डोकं फिरलंच. पण मागच्या आठवड्यातच त्याच्याशी भांडलोय. पुन्हा तोंड उघडलं तर काम जाईल, आणि ही गॅलरीही. रोज प्रॅक्टिसला येते ती, इथूनच तर दिसते. तेवढ्यात तीच शांतपणे म्हणाली, "सर, ग्राउंड आधीपासून हाये. तुमची बिल्डिंग आता आली."

जाताना माझ्याकडे पाहिलं. "कॉलेज काहून सोडलं? सांगून तरी जायचं होतं."

म्हणजे मी वर्गात नाही, हे तिला कळलं होतं? कधीपासून?

काकांनी थापी माझ्या हातात दिली. "भर तो खड्डा, ओला हाये तवरच. का अजून पाहूनच राह्यला?"

भरला. आता ठसा दिसत नाही. पण सात दिवस त्या भिंतीवर पाणी मारायचं काम माझ्याकडे आहे, आणि तो कुठे होता ते मला बरोबर माहीत आहे. तिथे जरा जास्तच मारीन.