पाचव्या खोलीचा पट

मंगळवार, ता. २
देवाच्या दयेने सामान धड पोहोचलं. एक बरणी तेवढी फुटली, तीही रिकामीच होती. घर दोन खोल्यांचं आहे, पण स्वयंपाकघरात सकाळचं ऊन येतं, म्हणजे दिवा लावायला नको. यांची बदली इथल्या पाणीपुरवठ्याच्या कचेरीत झाली तेव्हा मी जरा कुरकुरले होते. आज ती कुरकुर मागे घेते.

समोरच शाळा आहे. लांबलचक, एकमजली, दगडी. साथीमुळे चौदा महिने बंद. चिमणी दिवसभर खिडकीला नाक लावून तिच्याकडेच बघत होती. नऊ वर्षांची पोर, सगळी तिसरी घरात बसून काढली. हल्ली उशीला नाव ठेवून तिच्याशी भांडते. शाळा उघडू दे, असं देवाला रोज सांगते. माझ्यापेक्षा तिचा हट्ट मोठा.

गुरुवार, ता. ४
फाटकावर पाटी होती : अक्षर सुवाच्य असलेली व्यक्ती हवी, तीन आठवड्यांसाठी. मी मॅट्रिक, आणि अक्षराला शाळेत बक्षीस मिळालेलं. हे म्हणाले, जा की, नाहीतरी घरात डाळीचे दाणे मोजत बसतेस. गेले.

या विभागात अकरा शाळा आहेत आणि सगळ्या ता. २२ ला उघडायच्या आहेत. त्याची कचेरी याच शाळेत मांडली आहे. अधिकारी आहेत त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. जेवायचा डबा उघडून चार वाजेपर्यंत तसाच ठेवतात इतकं काम. त्यांनी माझं अक्षर पाहिलं आणि म्हणाल्या, आतापर्यंत कुठे होतात?

काम असं : खोल्या मोजायच्या, दोन मुलांत दोन हात अंतर धरून जागा काढायच्या, आणि कुठलं मूल कुठल्या जागी बसणार हे नावानिशी लिहायचं. मुलांची नावं कचेरीबाहेर जाऊ द्यायची नाहीत, म्हणून इथेही आकडेच लिहीन.

शुक्रवार, ता. ५
आज टेप घेऊन खोल्या मोजल्या. टेपचं दुसरं टोक धरायला शिपाईमामा. त्यांचे वडीलही याच शाळेत शिपाई होते, त्यामुळे मामा शाळेबद्दल माहेराबद्दल बोलावं तसं बोलतात. जिथे अठ्ठेचाळीस मुलं कोंबलेली असायची तिथे आता सोळा. पाचव्या खोलीत चौथीचा वर्ग बसणार, म्हणजे आमची चिमणी तिथेच.

साबणाची युक्ती मी सुचवली. एकाच वडीला सगळ्यांचे हात लागायला नकोत. मोठी वडी दोऱ्याने कापली की चार होतात. प्रत्येक बाकावर ज्याची त्याची डबी, तीत ज्याची त्याची वडी. मोठ्या बाईंनी ती युक्ती अकराही शाळांना कळवली. मामा म्हणाले, बाई, तुम्ही साबणाचीसुद्धा हजेरी घ्याल. म्हटलं, घेईनच.

सोमवार, ता. ८
कोरे कागद संपले. मोठ्या बाई नवीन रजिस्टर मागवणार होत्या. मी म्हटलं, थांबा. पाचव्या खोलीच्या कपाटात तळाशी एक जाडजूड हजेरीपट सापडला होता, लाल कापडी बांधणीचा. फार जुना. पहिल्याच पानावर सोळा मुलांची नावं, पुढे दोनशे पानं कोरी करकरीत. इतका चांगला कागद वाया घालवायचा म्हणजे पाप.

सोळावं नाव पानाच्या मध्यावर संपत होतं. मी एकही ओळ न सोडता खाली सुरुवात केली. एका पटात एकच क्रमांक दोनदा येऊ नये, म्हणून सतरापासून घेतलं. सतरा ते बत्तीस, पाचव्या खोलीची पहिली तुकडी. सतराव्या मुलाला पहिली जागा, अठराव्याला दुसरी, असं. चिमणीला सगळ्यात शेवटी टाकलं, बत्तिसावी, सोळावी जागा. कारकून बाईने आपल्या पोरीला पुढे बसवलं असं कुणी म्हणायला नको.

खाली मोठ्या बाईंच्या सांगण्यावरून लिहिलं : वरील सर्व मुलांनी सोमवार ता. २२ पासून आपापल्या जागी हजर राहावे. त्यांनी सही केली. पान कसं भरगच्च, देखणं दिसत होतं.

बुधवार, ता. १०
पहिल्या बाकावरची वडी ओली होती. कडा झिजलेल्या, वर फेस. खोलीला कुलूप असतं आणि किल्ली माझ्या कमरेला. मामांना विचारलं. ते म्हणाले, माझे हात बघा, साबण लागल्यासारखे दिसतात का?

दुपारी सतरा नंबरचे वडील आले, ट्रकचालक आहेत. मुलाला कालपासून ताप आहे. तपासणी केली, साथीचा नाही. डॉक्टर म्हणतात, होईल बरा.

शुक्रवार, ता. १२
दुसरी आणि तिसरी वडी ओली. अठरा आणि एकोणीस नंबर तापाने झोपलेत. तपासणीत काही निघत नाही.

जुळवून बघायची माझी सवय वाईट. घरी हे म्हणाले, तुला ताळा जुळल्याशिवाय झोप येत नाही, आणि जुळला की भीती वाटते. हसले. मीही हसले. मग देवापुढे जरा जास्तच वेळ बसले.

सोमवार, ता. १५
सात वड्या ओल्या. सात मुलं आजारी, सतरापासून तेवीसपर्यंत ओळीने. मध्ये एकही सुटलेलं नाही.

आज रंगीत तालीम होती. मुलं फाटकातून कशी येणार, कुठे थांबणार, कुठून वळणार. बाकीच्यांची मुलं नकोत म्हणून कर्मचाऱ्यांची पाच-सहा बोलावली, त्यात चिमणी. नवा गणवेश घालून नाचत गेली. मी तिला सोळाव्या जागेवर बस म्हटलं. ती बाकापाशी उभीच राहिली. पुन्हा सांगितलं, तर माझ्याकडे वळून साध्या आवाजात विचारते, आई, मी हिच्या मांडीवर बसू का?

शिक्षक हसले. चौदा महिन्यांत पोरं घरात काय काय खेळायला शिकलीत, म्हणाले.

घरी आल्यावर खोदून विचारलं. तिला नवल माझंच वाटलं. तिथे मुली-मुलं बसलीत ना, म्हणाली. हाताची घडी घालून. कुणी हलत नाही. मोठी शहाणी आहेत.

मंगळवार, ता. १६
ताप मोजायचं यंत्र आलं, कपाळासमोर धरायचं ते. मोठ्या बाईंनी चालवून बघायला सांगितलं. माझं कपाळ, अठ्ठ्याण्णव. मामांचं, सत्त्याण्णव. भिंत, काही नाही. टेबल, काही नाही.

पाचव्या खोलीत गेले. रिकाम्या बाकाच्या वर, मुलाचं कपाळ येईल तेवढ्या उंचीवर धरलं.

एकशे चार.

दुसऱ्या बाकावर एकशे तीन. तिसऱ्या बाकावर एकशे चार. सोळाही मोजले. सोळाव्याला यंत्र दोन्ही हातांनी धरलं.

मोठ्या बाईंना सगळं सांगितलं, ओल्या साबणापासून. त्यांनी ऐकून घेतलं, मग माझ्यासाठी पाणी मागवलं. म्हणाल्या, यंत्र बदलून आणू. म्हटलं, निदान पाचवी खोली उघडू नका. त्यांनी डोळे चोळले. म्हणाल्या, अहो, दोन हजार पोरं घरात कुजताहेत, तुमचीही त्यातच आहे. एका साबणावरून अकरा शाळा थांबवू? त्यांचंही खरंच आहे.

गुरुवार, ता. १८
अकरा वड्या. मामांना गाठलं आणि तो लाल पट पुढे टाकला. त्यांनी हात मागे घेतला. हा कुठून काढलात, म्हणाले.

त्यांच्या वडिलांनी सांगितलेलं, तसं लिहिते. तेव्हाही साथ होती. एका दिवसात गावच्या गाव झोपलं. पाचव्या खोलीत सोळा मुलं उरली होती, न्यायला कुणी येईना. गुरुजी म्हणाले, मी गाडी घेऊन येतो, सुटी म्हणेपर्यंत कुणी जागचं उठायचं नाही. गेले ते रस्त्यातच पडले. तीन दिवसांनी खोली उघडली. मुलं बसलेलीच होती. जागच्या जागी, हाताची घडी.

पट कुणी बंद केला नाही. वर्ष संपलं की खाली बेरीज लिहायची, दोन रेघा मारायच्या, सही करायची, मग ती मुलं सुटली. यांना कुणी सोडलंच नाही.

आणि मी खाली लिहिलं — वरील सर्व.

शुक्रवार, ता. १९
तेरा.

चिमणीच्या नावावर तांबड्या शाईने काट मारली. हे म्हणाले, ती घरीच राहील, मग झालं ना? झालं नाही. ती तेरा मुलंही घरीच आहेत. आपापल्या अंथरुणात, आईच्या हाताखाली. जागा शाळेतली आहे, ताप मात्र घरी येतो.

पहिल्या मुलांचा हक्क पहिला. जागा सोळाच. मीच मोजल्यात.

शनिवार, ता. २०
चौदा. मामा आज आले नाहीत. फाटकाशी निरोप ठेवला होता : पट त्याच खोलीत बंद करावा लागेल, त्यांच्यासमोर. हजेरी घ्या, रेघा मारा, सुटी म्हणा. गुरुजी म्हणाले असते तसं. मी म्हटलं तर माझं ऐकणार नाहीत, मी शिपायाचा पोर.

मी तरी कोण. तीन आठवड्यांची कारकून.

रविवार, ता. २१
पंधरा. एकतिसाव्या नंबरची आई शिवणकाम करते. फाटकाशी येऊन मला विचारत होती, बाई, तिची जागा ठेवाल ना. ठेवते म्हटलं. काय म्हणणार —

चिमणी जेवली. दोनदा वाढून घेतलं. उद्या शाळा म्हणून दप्तर भरून दाराशी ठेवलं. नाही जायचं म्हटलं तर रडली नाही. म्हणाली, मग ती मुलं किती वेळ बसणार?

मी दिवसभर नामस्मरण करते आहे आणि मध्येच सोळापर्यंत मोजते आहे. देवा, चूक माझी. काटकसर माझी. तिच्याकडून घेऊ नको.

सोमवार, ता. २२, सकाळी सात
पाचव्या खोलीत, गुरुजींच्या खुर्चीत बसून लिहिते. आठला फाटक उघडेल. चिमणी घरी झोपली आहे, हे तिच्या उशाशी आहेत. निघताना कपाळाला हात लावला. थंड होतं. थंड होतं.

पंधरा वड्या ओल्या. सोळावी कोरडी.

देवाचं नाव घेऊन हजेरी सुरू केली. पहिलं नाव वाचलं.

हजर.

घसा बसल्यासारखा, लहान आवाज. मी पुढे वाचलं. दुसरा. तिसरा. कुणी घाई करत नाही. किती शहाणी पोरं, किती वर्षं — डोळ्यांना पाणी आलं, अक्षर पुसट होतं आहे.

सोळा. हजर.

आता बेरीज लिहायची, रेघा मारायच्या. सोळाच्या खाली. सतराच्या वर.

जागा नाही. एक ओळ सोडली नव्हती मी. कागद वाया जाईल म्हणून —

पट्टी ठेवली. दोन ओळींच्या मधून रेघ जाते आहे, केसाएवढी. बेरीज लिहायला जागाच — समासात लिहिली. सोळा. सही केली. उठून सुटी म्हणणार —

हजर.

मी हाक मारली नव्हती. सतरा. ट्रकचालकाचा मुलगा. रडका आवाज, नुकताच उठवल्यासारखा. मग अठरा. एकोणीस. मी वाचत नाही आहे. पट मिटलेला आहे. तेवीस, चोवीस, आपोआप, ओळीने —

तीस.

एकतीस. शिवणाऱ्या बाईची मुलगी.

आवाज थांबले.

बत्तीस मी म्हणणार नाही. तोंड बंद. फक्त लिहिते आहे. लिहीत असेन तोवर —

सगळी वाट बघताहेत. शेवटच्या बाकाकडे माना वळवल्याचं कळतं. कशाने कळतं ते —

सोळावी डबी. कडेने फेस येतो आहे.

सुटी. सुटी म्हटलं मी. मोठ्याने म्हटलं. दोनदा. कुणी उठत नाही. मी गुरुजी नाही, देवा, मी —

मागून. हळूच. ओळखीचा आवाज. आई, ही सरकली. आता मला जागा